बर्फात कोरडं कसं राहायचं?

डिसेंबरमध्ये बोस्टनला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले आईवडील पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतात. बाहेर तापमान उणे पाच-सहा, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि समोरच्या घरातलं कुटुंब लहान मुलीसकट पाठीला पिशव्या लावून फिरायला निघालेलं. ‘एवढ्या थंडीत ही माणसं जंगलात जातात? गारठत नाहीत?’ त्यातच एखाद्या गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, बांधलेली दिसली, तर प्रश्न आणखी मोठा होतो.

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर थंडीत नाही, ओलीत आहे. नीट कपडे घातलेला आणि हालचाल करणारा माणूस कोरड्या थंड हवेत सहसा गारठत नाही. तो भिजला की गारठतो, मग ते भिजणं घामाने असो, पावसाने असो की नदीच्या पाण्याने. जुलै महिन्यात हरिश्चंद्रगड चढलेल्या कुणालाही हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. तिथे तापमान विशीच्या आसपास असतं, तरी ओल्या कपड्यांनी माथ्यावर पोचल्यावर वारा सुटला की दात वाजू लागतात. तोच माणूस बोस्टनजवळच्या जंगलात उणे पाचमध्ये जाकिटाची चेन उघडी ठेवून चालू शकतो.

हिवाळ्यातलं चालणं, स्नोशू (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून फिरणं आणि वल्हवणं हे तिन्ही छंद वरवर वेगळे दिसतात. तिन्हींचं शास्त्र मात्र या एकाच गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ते एका प्रकरणात घेतले आहेत.

१. आधी जागा ठरवू

बोस्टनच्या दक्षिणेला, शहराला लागूनच, ब्लू हिल्स नावाचं राखीव जंगल आहे. क्षेत्र सुमारे २८०० हेक्टर. सर्वांत उंच टेकडी ग्रेट ब्लू हिल १९४ मीटरची. सह्याद्रीत वाढलेल्याला ही उंची किरकोळ वाटेल, पण माथ्यावरून एका बाजूला शहराचे मनोरे आणि पलीकडे समुद्र दिसतो. याच माथ्यावर १८८५ पासून एक हवामान वेधशाळा चालू आहे. शहराच्या उत्तरेला मिडलसेक्स फेल्स हे दुसरं जंगल, पश्चिमेला कॉन्कर्ड गावातलं वॉल्डन तळं, आणि मधून वाहणारी चार्ल्स नदी. हे सगळं शहरापासून तासाभराच्या आत आहे.

बोस्टनमध्ये एका हिवाळ्यात सरासरी सव्वा मीटर बर्फ पडतो. २०१४-१५च्या हिवाळ्यात तो २८१ सेंटिमीटर पडला आणि शहराच्या नोंदीतला उच्चांक झाला. पण सलग पांढरा हिवाळा इथे क्वचितच मिळतो. बर्फ पडतो, दोन दिवसांत थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. त्यामुळे पायाखाली कधी भुसभुशीत थर असतो, कधी काचेसारखा टणक. एकाच वाटेवर, एकाच दिवशी, दोन्ही भेटतात.

इथे नव्याने आलेले बरेच जण पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेला तीन तासांवरच्या व्हाइट माउंटन्सकडे धावतात. मला हा क्रम उलटा वाटतो. तिथल्या माउंट वॉशिंग्टनची उंची १९१७ मीटर म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडी जास्त, पण १२ एप्रिल १९३४ रोजी तिथे ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला आहे. हिवाळा शिकायची जागा ती नव्हे. डिसेंबरमध्ये इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. घराजवळच्या, उन्हाळ्यात पायाखालून गेलेल्या वाटेवर उशीर झाला तरी गाडी अर्ध्या तासावर असते. मोजे ओले झाले तर परत फिरता येतं. कोणते कपडे आपल्याला पुरतात, किती चढावर घाम फुटतो, बोटं कधी बधिर होतात, हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं आणि ते शोधताना माघारीची वाट जवळ असलेली बरी.

२. घामाचा हिशेब

स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता तयार करतो. चढावर पाठीवर ओझं घेऊन चालताना ती पाच-सहा पट होते. एवढी उष्णता बाहेर टाकायला शरीर घाम काढतं, आणि हिवाळ्यात अडचण इथूनच सुरू होते.

एक मिलिलिटर घाम वाळायला साधारण ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. समजा, जाड जाकीट घालून तुम्ही टेकडी चढलात आणि अंगातल्या सदऱ्यात १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कपभर घाम मुरला. माथ्यावर डबा खायला बसलात. आता तो घाम वाळायला ५८ किलोकॅलरी हव्यात. ती उष्णता तुमच्याच अंगातून गेली, तर बसल्या जागी शरीर पाऊण तासात जेवढी ऊब तयार करतं तेवढी सगळी नुसता सदरा वाळवण्यात खर्च होईल. दहा मिनिटांपूर्वी घामाघूम असलेला माणूस एकाएकी कुडकुडायला लागतो, त्याचं कारण हे.

म्हणून इथले जाणकार एक साधा नियम पाळतात. गाडीतून उतरून चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल, तर पंधरा मिनिटांत घाम येणार हे नक्की. चढ लागायच्या आधी थांबून एक कपडा काढायचा आणि माथ्यावर थांबताक्षणी, थंडी वाजायची वाट न पाहता, जाड जाकीट चढवायचं. सोबतच्यांना थांबवायला संकोच वाटतो, पण हा संकोच हिवाळ्यात सोडायचा असतो.

कपड्यांचे तीन थर याचसाठी असतात. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, तो घाम त्वचेपासून दूर नेतो. त्यावर फ्लीस किंवा पिसांचं जाकीट, ते ऊब धरून ठेवतं. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ कवच. सुती कपडा यांपैकी एकाही थरात बसत नाही. कापूस पाणी पितो आणि धाग्यांमधल्या मोकळ्या जागांत हवेऐवजी पाणी भरतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला सुती सदरा अंगावर असून नसल्यासारखा, किंबहुना नसण्यापेक्षा वाईट. जीन्सचंही तेच. लोकरीचा तंतू ओलावा आत शोषतो, पण त्याचा कुरळेपणा टिकतो आणि मधली हवाही बरीचशी टिकते. आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर इथे महागड्या जाकिटाच्या तोडीचं काम करतो, हे मी खात्रीने सांगतो.

३. मुंबईला गेलेला बर्फ

ऊब धरून ठेवण्याचं खरं काम कपडा करत नाही, कपड्यात अडकलेली हवा करते. हे बोस्टनच्या एका व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध केलं, आणि त्या उद्योगाचं दुसरं टोक आपल्याकडे होतं.

त्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. हिवाळ्यात बोस्टनच्या आसपासची तळी गोठतात, तो बर्फ कापून उष्ण देशांत विकायचा असं त्याने ठरवलं आणि १८०६ साली पहिलं जहाज कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे पाठवलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, त्यालाही पुष्कळ तोटा झाला, पण तो मागे हटला नाही. पुढे नथॅनिएल वायथ याने घोड्याने ओढायचं, बर्फ कापणारं यंत्र तयार केलं आणि तळ्यावरून एकसारख्या मापाच्या लाद्या निघू लागल्या. एकसारख्या लाद्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, मधून हवा खेळत नाही आणि वितळणं कमी होतं. लाद्यांभोवती लाकडाचा भुसा भरत. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिने समुद्रावर काढून ते पोचलं, तेव्हा त्यातला निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत होता. पुढे मद्रास आणि मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. मुंबईत तो साठवायला खास बर्फघर उभं राहिलं. मद्रासचं बर्फघर आजही उभं आहे. विवेकानंद १८९७ मध्ये तिथे राहिले होते, म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

भुशात कसली जादू होती? त्याच्या कणाकणांमध्ये अडकलेली, जागची न हलणारी हवा. तीच हवा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नव्हती. तुमच्या जाकिटातली पिसं हेच काम उलट दिशेने करतात, आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. भुसा वितळलेल्या पाण्याने भिजला की त्याचा गुण कमी होतो, पिसंही ओली झाली की गोळा होऊन बसतात. म्हणून बर्फघरांत वितळलेलं पाणी वाहून जायला मोऱ्या ठेवत, आणि म्हणून पिसांचं जाकीट चढावर घामात घालायचं नसतं.

१८४६-४७च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसं वॉल्डन तळ्यावरही बर्फ कापायला आली होती. तेव्हा लेखक हेन्री डेव्हिड थोरो त्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहत होता. १८५४ साली आलेल्या ‘वॉल्डन’मध्ये त्याने त्या बर्फकाप्यांचं वर्णन केलं आहे आणि आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची माणसं पिणार, ही कल्पना त्याला फार भावली होती. थोरो स्वतः जमीन मोजणारा होता. १८४६च्या सुरुवातीला तळं गोठलेलं असताना त्याने बर्फाला भोकं पाडून दोरीने खोली मोजली. सर्वांत खोल जागा १०२ फूट भरली. तळ्याला तळच नाही असं तोवर गावात बोललं जायचं. हिवाळ्यात घराजवळ हिंडताना काय करता येतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

४. स्नोशू: पाय का रुतत नाही?

ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते. दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळवला तर साधारण एक सेंटिमीटर पाणी मिळतं, बाकी सगळी हवा. अशा थरावर बूट ठेवला की तो गुडघ्यापर्यंत आत जातो. मग पाय उपसा, पुढे टाका, पुन्हा रुता. अर्ध्या तासात माणूस घामाने भिजतो आणि घाम म्हणजे काय, ते आपण पाहिलं. शिवाय मागे राहिलेले खड्डे रात्रीत गोठतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो.

उपाय भातखाचरात उतरणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक आहे: चिखलात नुसता पाय रुततो, फळी टाकली की तिच्यावरून चालता येतं. वजन तेच राहतं, ते जास्त जागेवर पसरतं. हिशेब असा. माणूस आणि पिशवी मिळून ७५ किलो. बुटाच्या तळाचं क्षेत्रफळ २५० चौरस सेंटिमीटर धरू. एका पायावर भार असताना दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम येतात. स्नोशूचं क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे भार ७५ ग्रॅम. एक चतुर्थांश. पाय तरीही थोडा रुततो, पण घोट्याएवढा.

ही युक्ती उत्तर अमेरिकेच्या आदिवासींनी फार पूर्वी परिपूर्ण केली. इथले अबेनाकी, उत्तरेकडचे क्री आणि त्यांच्यासारख्या अनेक जमाती अ‍ॅशच्या लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून चौकट करत आणि हरणाच्या किंवा मूसच्या कातड्याच्या वाद्यांनी ती विणत. मोकळ्या पठारासाठी लांब शेपटीचे आणि दाट झाडीसाठी अस्वलाच्या पंजासारखे गोल, असे आकार ठरलेले असत. आजचे स्नोशू अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिकचे असतात, खाली टणक बर्फात रुतणारे दाते असतात, पण तत्त्वात काहीही बदललेलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या एका सशालाही स्नोशू ससा म्हणतात. त्याचे मागचे पंजे अंगाच्या मानाने खूप मोठे आणि केसाळ असतात.

चालायला शिकावं लागत नाही, फक्त पावलं किंचित फाकवून टाकायची. टाच मोकळी असते, पुढचा चवडाच बांधलेला असतो. मागे चालायचा प्रयत्न करू नये, शेपटी बर्फात रुतून माणूस बसतो. वळायचं तर लहान गोल वळसा घ्यावा. हातात काठ्या असल्या तर उत्तम. पहिल्या माणसाला बर्फ दाबत वाट काढावी लागते, त्यालाच सर्वांत जास्त घाम येतो, म्हणून दर काही मिनिटांनी पुढचा माणूस बदलावा.

मात्र ब्लू हिल्ससारख्या वर्दळीच्या जंगलात दोन दिवसांत वाट तुडवून टणक होते. तिथे स्नोशूंचा उपयोग नाही. बुटावर रबराने ओढून बसवायच्या दातेरी साखळ्या मिळतात, त्यांना मायक्रोस्पाइक म्हणतात. एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील, तर बोस्टनमध्ये मी याच घ्यायला सांगेन.

बर्फातल्या त्या हवेचा फायदा जंगलातले प्राणीही घेतात. वर हवा उणे पंधरा असली तरी जाड थराखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकतं. तिथे उंदरांसारखे छोटे प्राणी बोगदे करून हिवाळा काढतात, आणि रफ्ड ग्राउस नावाचा पक्षी रात्री सरळ भुसभुशीत बर्फात बुडी मारून झोपतो. त्यांना मानवणारा बर्फ कोरडा असतो, आपल्यालाही तोच मानवतो. उणे आठला पडलेला बर्फ बाहीवरून झटकला की निघून जातो. शून्याच्या आसपास पडणारा ओला बर्फ कपड्यात मुरतो. माझ्या मते हिवाळ्यातला सर्वांत वाईट दिवस उणे दहाचा नसतो, अधिक दोनचा आणि पावसाचा असतो. अशा दिवशी घरी थांबावं.

५. वारा

हवामानाच्या बातमीत ‘तापमान उणे पाच, पण उणे तेरासारखं वाटेल’ असं सांगतात. त्वचेलगत हवेचा एक पातळ उबदार थर असतो, वारा तो उडवून लावतो आणि त्वचा लवकर थंड होते. ताशी ३० किलोमीटर वाऱ्यात उणे पाचचं उणे तेरा होतं, ते यामुळे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर पाणी भरलेली भांडी वाऱ्यात ठेवून, ती गोठायला लागणारा वेळ मोजून या कल्पनेचा पाया घातला. हा आकडा फक्त थंड होण्याच्या वेगाचा आहे. हवा अधिक दोन असेल, तर कितीही वारा सुटला तरी बाटलीतलं पाणी गोठणार नाही. उघडं नाक आणि बोटं मात्र झाकायलाच हवीत.

खुद्द तापमान शून्याखाली असेल, तर बाटली पिशवीत उलटी ठेवावी. पाणी वरून गोठतं, म्हणजे बर्फ बुडाशी धरेल आणि झाकण मोकळं राहील. संक्रांतीच्या सुमारास निघत असाल तर तिळाचे लाडू खिशात, अंगालगत ठेवा. पिशवीतले दगडासारखे होतात. सोबतचा माणूस अडखळू लागला, शब्द जड झाले, हातमोजा चढवणं जमेना, किंवा उगाच चिडचिड करू लागला, तर त्याच्या शरीराचं आतलं तापमान उतरत असल्याची ही चिन्हं आहेत. ते ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्या अवस्थेत माणूस ‘मी ठीक आहे’ असंच सांगतो. त्याचं ऐकू नये. ओले कपडे उतरवून कोरडे चढवावेत, वाऱ्याआड न्यावं, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्यावं, आणि परत फिरावं.

६. हिवाळ्यातलं पाणी

गोड्या पाण्याची घनता चार अंशांना सर्वाधिक असते. म्हणून तळ्यात चार अंशांचं जड पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहून गोठतं. मासे खाली जगतात, आपण वर चालतो. चार्ल्ससारख्या संथ नदीचेही काही भाग जानेवारीत गोठतात. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये मोकळं पाणी मिळतं. त्या दिवसांतली नदी विलक्षण असते: पानं झडलेली, काठ दूरवर उघडे, स्थलांतर करून आलेली बदकं आणि मोटारबोटींचा आवाज नाही.

धोकाही याच दिवसांत. मार्चच्या एखाद्या दुपारी हवा पंधरा अंशांवर जाते, लोक सदऱ्यावर कयाक घेऊन उतरतात. पाणी मात्र चार-पाच अंशांचंच असतं. वल्हवायला निघताना कपडे हवेसाठी घालायचे नसतात, पाण्यासाठी घालायचे असतात.

अशा पाण्यात पडल्यावर काय होतं, ते कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी तीन आकड्यांत बसवलं आहे: एक, दहा, एक. पहिलं मिनिट श्वासाचं. थंडीच्या धक्क्याने तोंडातून एकदम ‘हाऽ’ असा खोल श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. मग बोटं वळत नाहीत, पोहता येत नाही. हायपोथर्मियाने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो, पण लाइफ जॅकेट नसेल तर माणूस त्या तासापर्यंत पोचतच नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात कयाक आणि कनू या होड्यांतल्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घातलंच पाहिजे. मागच्या कप्प्यात ठेवून चालत नाही.

कपड्यांचे दोन प्रकार आहेत. वेटसूट निओप्रीन नावाच्या रबराचा असतो. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात, ट्यूडरच्या भुशातलंच तत्त्व. त्यात थोडं पाणी शिरतं, पण ते अंगाच्या ऊबेने कोमट होतं. ड्रायसूटच्या गळ्याला आणि मनगटांना रबराचे घट्ट पट्टे असतात, पाणी आत येतच नाही. ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, ऊब त्याच्या आतले लोकरीचे थर देतात. तो त्यांना कोरडं ठेवतो. चार-पाच अंशांच्या पाण्यासाठी मी ड्रायसूटच सुचवेन. तो महाग आहे, आणि तो घ्यायची तयारी होईपर्यंत उन्हाळ्यातच वल्हवावं.

ड्रायसूट घालूनही काठापासून लांब जाऊ नये. ती दहा मिनिटं लक्षात ठेवून अंतर ठरवावं. सोबत दुसरी कयाक असावी, एकाने पडायचं आणि दुसऱ्याने वर घ्यायचं याचा सराव ऑगस्टच्या कोमट पाण्यात झालेला असावा. पडलातच तर पहिलं मिनिट काहीही न करता कयाक धरून श्वास जाग्यावर आणा, मगच वर चढायचं पाहा. कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बरोबर असू द्या, नुसते गाडीत असून उपयोग नाही.

आणि निघण्याआधी काठ बघा. थंडीच्या रात्रीनंतर नदीच्या कडेला बर्फाची पातळ पडवी तयार होते. ती माणसाचं वजन पेलत नाही आणि कयाकलाही पुढे जाऊ देत नाही, म्हणजे पाण्यातून बाहेर पडायची वाटच बंद. उतरायच्या ठिकाणी अशी कड दिसली, तर कयाक टपावरून सोडूच नये. मायक्रोस्पाइक चढवून काठाकाठाने चालत जावं.